नारळ फेकण्याचं काम

इथं उभे राहा. त्या रंगवलेल्या दगडापुढं नको,
तिथून खडक बुळबुळीत आहे
आणि तुमच्या चपला विमानतळावरच्या.

मी फालानिको. हे भोक माझं नाही,
गावाचं आहे. माझी नुसती त्याच्याशी ओळख.
दहा ताला त्या खोपटात द्या,
नात बसलीय, वाइओला. सुटे नसले तर गोड हसेल,
उरलेले काही परत देणार नाही.

आता बघू नका, आधी ऐका.
लाट खालून खडकाच्या पोटात शिरते
तेव्हा हा खडक श्वास आत ओढतो,
घोरणाऱ्याचा मधेच अडकतो ना, तसा.
एक लाट जाऊ द्यायची. दुसरीही.
तिसरीला अंग असतं.
ओढ लागली की नारळ सोडायचा,
आधी नाही. नंतर तर नाहीच,
नंतर सोडणाऱ्या माझ्या काकाचा
हा इथला खांदा जन्मभर उतरलेला होता.

बघितलंत?
नारळ परत माडावर गेला, असं पोरं ओरडतात.
तुमचा फोटो हुकला. सगळ्यांचा हुकतो.
पुन्हा म्हणजे आणखी एक नारळ, आणखी एक लाट.
मघाचं काही परत मिळत नाही.

एक सांगतो, वाइओलाचं लक्ष नाही तोवर:
हे नारळ चांगले नसतात.
उंदरांनी पोखरलेले, आतून ठणठणीत कोरडे.
चांगला नारळ कोण समुद्रात टाकेल?
तो किसायचा, पिळायचा,
दूध तारोच्या पानांत बांधून
उमूच्या तापल्या दगडांवर ठेवायचं, रविवारी.

रविवारी येऊ नका. फाटक बंद असतं.
आम्ही पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये,
पाद्री लांबण लावतो,
आणि ऐन प्रार्थनेच्या शांततेत
इकडून धडाड् आवाज येतो.
कुणी बघत नसताना पाणी किती उंच जातं,
चाळीस वर्षं झाली, मला माहीत नाही.

उत्तरेचं लाव्हाचं मैदान बघून आलात म्हणता.
तिथं माझ्या आजीच्या आईचं घर होतं.
डोंगर वर्षानुवर्षं वाहत राहिला, इतका सावकाश
की चुलीवरची भांडीसुद्धा उचलता आली.
घर गेलं. छपराचा पत्रा गेला,
पण पत्र्याच्या पन्हळी दगडात उमटून राहिल्या.
आजी त्या बोटानं मोजायची, दर वेळी आकडा वेगळा.
तुम्ही त्यावर हात पसरून फोटो काढलात.
हरकत नाही. मीही काढलाय. आपेलूबरोबर.

आपेलू माझा मुलगा. ऑकलंडला असतो,
थंडगार खोलीत सोललेल्या मेंढ्या आकड्याला टांगतो.
त्याचा हात माझ्याहून साफ होता,
पाठ फिरवून सोडायचा नारळ, नुसत्या आवाजावर.
नाताळला येतो म्हणाला.
मग जमत नाही म्हणाला.
मग पैसे पाठवले.

त्या संध्याकाळी शेवटची गाडी गेल्यावर
मी घरातला नारळ आणला,
कानाशी हलवला, आत पाणी बोलत होतं.
तीन लाटा मोजल्या. सोडला.
फारसा नाही गेला वर. दोन पुरुष, तेवढाच.
भरलेला होता ना.
खाली पडला तो फुटलाही नाही,
परतत्या पाण्यानं ओढून नेला, दक्षिणेकडे,
आणि मी वेड्यासारखा अंधार पडेतो
त्याचं काळं टाळकं बघत बसलो.

सकाळी वाइओलाला तो खालच्या पुळणीत सापडला.
काय ओरडली माझ्यावर! चांगला नारळ, म्हणाली,
आजोबा, हा चांगला नारळ!
दुपारी आम्ही तो फोडून खाल्ला.
किंचित खारट.

थांबा. बोलू नका.
ओढ लागली. कॅमेरा धरा.